परलोकाच्या शोधात (लेखांक ४) : पकिप्सीचा द्रष्टा

मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे शरीरातल्या अदृश्य चुंबकीय द्रव्याला वळण देऊन रोग बरे करण्याच्या विद्येची, १७८४ साली पॅरिसमध्ये झालेली चौकशी आपण मागच्या लेखात पाहिली. बेंजामिन फ्रँकलिन ज्या समितीवर होते, तिने असे कोणतेही चुंबकीय द्रव्य अस्तित्वात नसल्याचा निर्वाळा दिला. तरीही ही विद्या मेली नाही. पन्नासएक वर्षांनी ती अमेरिकेतल्या गावोगावच्या सभागृहांत पोचली. फिरते व्याख्याते येत, श्रोत्यांतल्याच कुणाला तरी मंचावर बोलावून मोहनिद्रेत नेत आणि लोक थक्क होऊन पाहत.

न्यूयॉर्क राज्यात हडसन नदीकाठी पकिप्सी नावाचे गाव आहे. १८४३ साली तिथे असाच एक व्याख्याता आला. तो गेल्यावर गावातल्या विल्यम लेव्हिंग्स्टन या शिंप्याने स्वतःच प्रयोग सुरू केले. अँड्र्यू जॅक्सन डेव्हिस नावाचा एक पोरगा त्यांतून त्याच्या हाती लागला. डेव्हिसचा जन्म ११ ऑगस्ट १८२६ चा. घरी गरिबी, बाप व्यसनी, शाळा जेमतेम काही महिन्यांची, आणि काम चांभाराच्या हाताखाली उमेदवारीचे. हा मुलगा मोहनिद्रेत गेला की डोळ्यांवर पट्टी बांधलेली असतानाही वाचू शकतो आणि माणसाच्या शरीरातले अवयव त्याला पारदर्शक काचेतून दिसावेत तसे दिसतात, अशी बातमी पसरली. रोगी येऊ लागले. लेव्हिंग्स्टनने शिवणकाम सोडले आणि दोघांनी उपचारांचा व्यवसाय मांडला.

मार्च १८४४ मध्ये डेव्हिस तंद्रीत घरातून निघाला आणि दुसऱ्या दिवशी भानावर आला तेव्हा कॅट्सकिलच्या डोंगरांत होता. तिथे आपल्याला दोन पुरुष भेटले, असे त्याने सांगितले : एक प्राचीन ग्रीक वैद्य गेलन आणि दुसरा स्वीडनचा गूढवादी स्वीडनबोर्ग. एकाने रोग बरे करण्याचे काम सोपवले, दुसऱ्याने ज्ञान देण्याचे. त्याच्या पुढच्या आयुष्याची मांडणी या दोन नावांतच आहे.

ज्ञानाचा भाग न्यूयॉर्क शहरात सुरू झाला. सायलस लायन हा वैद्य त्याला मोहनिद्रेत नेई, डेव्हिस हळू आवाजात एकेक वाक्य बोले, लायन ते मोठ्याने उच्चारी आणि विल्यम फिशबो हा धर्मोपदेशक लिहून घेई. नोव्हेंबर १८४५ ते जानेवारी १८४७ या काळात अशी १५७ व्याख्याने झाली. न्यूयॉर्क विद्यापीठातले हिब्रूचे प्राध्यापक जॉर्ज बुश यांनी त्याच्या अलौकिक ज्ञानाची ग्वाही दिली. एडगर ॲलन पो यानेही या बैठकींत डोकावले होते, पण पुढे एका कथेत त्याने डेव्हिसची टिंगल केली. १८४७ साली ‘द प्रिन्सिपल्स ऑफ नेचर’ हा सुमारे आठशे पानांचा ग्रंथ बाहेर पडला आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

ग्रंथात विश्वाची उत्पत्ती आहे, बायबलची चिकित्सा आहे आणि फ्रेंच विचारवंत फूरियेच्या समाजवादाशी जुळणारी नव्या समाजाची योजनाही आहे. नेपच्यून सापडण्याआधीच डेव्हिसने आठव्या ग्रहाचा उल्लेख केला, याचे भक्तांना फार कौतुक. पण युरेनसच्या कक्षेतल्या गडबडीवरून नव्या ग्रहाची चर्चा तेव्हा उघडपणे चालू होती. शिवाय शनीवर पृथ्वीपेक्षा प्रगत माणसे राहतात, असेही तोच ग्रंथ सांगतो. बरोबर निघालेले तेवढे लक्षात ठेवायचे आणि चुकलेले विसरायचे, ही भविष्य सांगणाऱ्यांवर लोकांनी नेहमीच केलेली मेहेरबानी आहे. अडाणी पोराला हे सुचले कसे, या प्रश्नाचे उत्तरही फार लांब शोधावे लागत नाही. शेवटी सर्वच जीवांचा उद्धार होतो, असे मानणाऱ्या युनिव्हर्सलिस्ट पंथाची वाचलेली-शिकलेली माणसे सतत त्याच्या भोवती असत. फिशबो त्यांच्यातलाच.

मग या माणसाचा प्रभाव कशामुळे पडला? त्याने लोकांच्या मनातून नरक काढून टाकला. मृत्यूनंतर आत्मा पायरीपायरीने उन्नत होत जातो आणि ‘समरलँड’ नावाच्या प्रसन्न प्रदेशात त्याचे शिक्षण चालूच राहते, असे त्याने सांगितले. ज्या समाजात घरोघरी मुले दगावत आणि त्यांच्या सद्गतीची खात्री चर्च देत नसे, तिथे हा फार मोठा दिलासा होता. दुसरे असे, की हे सांगणारा कुणी पाद्री नव्हता, चांभाराकडचा पोरगा होता. देवाघरची बातमी सांगायला पदवी आणि दीक्षा लागत नाही म्हटल्यावर पुढच्या काळात चर्चच्या व्यासपीठावर मज्जाव असलेल्या कितीतरी स्त्रिया ‘माध्यम’ म्हणून जाहीर सभांत बोलू लागल्या. डेव्हिसची दुसरी पत्नी मेरी फेन डेव्हिस ही स्त्रीहक्कांच्या चळवळीतली नावाजलेली वक्ती होती.

३१ मार्च १८४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड्सव्हिलच्या फॉक्स भगिनींच्या घरात मृतात्म्याची मानली गेलेली ‘टकटक’ ऐकू आली आणि मृतांशी संवाद साधता येतो असे मानणाऱ्या परलोकवादाची लाट उसळली. त्याच पहाटे कार्यारंभाची वाणी आपल्याला ऐकू आली होती, असे डेव्हिस पुढे सांगे. पण टेबले हलवणाऱ्या बैठकींत तो रमला नाही. चमत्कारांच्या नादात तत्त्व हरवते, अशी त्याची तक्रार होती. १८६३ साली त्याने न्यूयॉर्कमध्ये ‘चिल्ड्रन्स प्रोग्रेसिव्ह लायसियम’ ही मुलांची रविवारची शाळा काढली. पाठांतर आणि भीती यांऐवजी प्रश्नोत्तरे, कवायत, गाणी अशी तिची रीत होती. इंग्लंडमध्ये ती चांगलीच रुजली.

या लाटेचा एक प्रवाह आपल्याकडेही आला. परलोकवादात मुरलेले कर्नल ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी १८७५ साली न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन केली, फेब्रुवारी १८७९ मध्ये ते मुंबईत उतरले आणि १८८२ च्या अखेरीपर्यंत सोसायटीचे मुख्यालय मुंबईतच होते.

आपल्याला शरीराच्या आरपार दिसते म्हणणाऱ्या डेव्हिसने साठीच्या सुमारास रीतसर वैद्यकाची पदवी घेतली. मग बोस्टनमध्ये पुस्तकांचे छोटे दुकान चालवत तो रोग्यांना वनौषधी देत राहिला. १३ जानेवारी १९१० रोजी तो वारला. दिव्यदृष्टी पुरेशी असती, तर त्याला पदवीची गरज पडली नसती. त्याचे निदान आणि त्याचे ग्रह आज कुणी प्रमाण मानू नयेत. मात्र मुलांना नरकाची भीती घालून शिकवू नये, हा त्याचा आग्रह त्याच्या साऱ्या साक्षात्कारांपेक्षा टिकाऊ ठरला.

(पुढील आठवड्यात : फॉक्स भगिनी आणि १८८८ चा कबुलीजबाब)