मराठवाड्याचे ऊन आणि माणसाचा चेहरा

नांदेड-लातूरकडील जुन्या घरात पाऊल टाकावे, तो दर्शनी भिंतीवर वडीलधाऱ्या माणसाची हार घातलेली तसबीर दिसते. ती पुष्कळदा तसबीर म्हणून काढविलेली नसतेच. कोठल्याशा सरकारी कागदासाठी भर दुपारी घाईने काढलेला बोटाएवढा फोटो माणूस गेल्यावर मोठा करून घेतलेला असतो. लहान आकारात खपून गेलेले दोष मग उघडे पडतात: कपाळावर तेलकट चकाकी आणि डोळ्यांच्या जागी दोन काळ्या खाचा. नातवंडांनी आजोबांची नजर त्या खाचांतच शोधावयाची असते.

हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि तेथील दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे नाव व्यक्तिचित्रणात आजही आदराने घेतले जाते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी १८९४ साली त्यांना ‘राजा बहादुर मुसव्विर जंग’ हा किताब दिला. पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी १८९२ साली हैदराबादेस निराळा जनाना स्टुडिओ काढला; त्याची व्यवस्था एका इंग्रज बाईकडे होती. त्या काळच्या चित्रशाळा बहुतांशी सूर्यप्रकाशावर चालत. छपराचा किंवा भिंतीचा भाग काचेचा असे आणि पातळ पडदे सरकवून प्रकाश कमीजास्त करीत. खरे कसब त्या पडद्यांत होते.

युरोपातील ग्रंथांत खिडकी उत्तरेची असावी असे सांगितलेले असते. तेथे उत्तरेकडून ऊन फारसे येत नाही, म्हणून तो नियम योग्यच. पण लातूर सुमारे १८.४ अंश अक्षांशावर आणि नांदेड १९ अंशांच्या किंचित वर. दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेस. मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य येथे माध्यान्ही ऐन डोक्यावर येतो आणि तेथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारी थोडा उत्तरेकडेच असतो. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळीही तो उत्तरेस कललेलाच उगवतो-मावळतो. तेव्हा ग्रंथ वाचून उत्तरेच्या खिडकीशी बसविलेल्या माणसाच्या गालावर ऊन पडले, तर दोष ग्रंथाचा नव्हे, अक्षांश न पाहणाऱ्याचा. अशा वेळी खिडकीवर जुन्या धोतराचे एकेरी कापड ताणून लावले म्हणजे पुरे.

घराचाही विचार करावा लागतो. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर भागात माळवदाची घरे पुष्कळ कमी झाली. जेथे टिकून आहेत तेथे जाड भिंती आणि छतातला झरोका अजून दिसतो. झरोक्याखाली बोडक्या डोक्याचे मूल बसविले तर चित्र सुरेख येते. फेटा बांधलेला म्हातारा किंवा डोईवर पदर घेतलेली आजी तेथे बसली, की वरच्या प्रकाशाने डोळे अंधारात बुडालेच. त्यांना ओसरीच्या कडेपासून दोन हात आत, तोंड अंगणाकडे करून बसवावे. सारवलेले अंगण व काळी माती प्रकाश गिळतात, म्हणून पुढ्यात उन्हात एक पांढरी चादर अंथरावी. तिच्यावरून उसळलेला उजेड पदराखाली शिरतो. मान किंचित एका बाजूस वळविली तर दूरच्या गालावर उजेडाचा लहानसा त्रिकोण उरतो. रेम्ब्रांट या डच चित्रकाराच्या (१६०६–१६६९) चित्रांवरून त्या रचनेला त्याचेच नाव पडले आहे.

पांढऱ्या फेट्याची अडचण निराळी. कॅमेरा समोरच्या साऱ्या उजेडाची सरासरी काढतो. फेटा, सदरा, धोतर सगळेच शुभ्र असेल तर दृश्य फार उजळ आहे असे समजून तो चित्र काळवंडवितो आणि सावळा चेहरा त्यात हरवतो. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट ठेवून मोजणी तेथलीच घ्यावी. कापडाची एखादी घडी नाहीशी झाली तरी चालेल.

मांडणीविषयी थोडेच सांगावयाचे. फार जवळ जाऊ नये. हातभर अंतरावरून काढलेल्या चित्रात नाक मोठे व कान लहान दिसतात. पाच-सहा फूट मागे सरावे, डोळ्यांच्या उंचीवर बसावे, फेट्याचा शेमला कापू नये आणि डोक्यामागून खांब उगवू देऊ नये. हातांना मात्र काम द्यावे. काठी, अडकित्ता, सुपातले धान्य, जे रोज हातात असते ते. ओसरीवर आजी डाळ निवडीत असता तिला हाक मारावी. ती मान वर करील, त्या क्षणी कळ दाबावी.