टॉवरच्या समोरची खिडकी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल शहाड ओलांडून आंबिवलीला पोहोचते, तेव्हा ती ज्या वस्तीत शिरते तिचा चेहरामोहरा गेल्या काही वर्षांत पालटत चालला आहे. मोहन्याच्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या आधाराने जी वस्ती वाढली आणि २००९ साली त्या कारखान्याचे दरवाजे बंद झाल्यावर जी पोरकी झाली, तिच्या बैठ्या चाळी व पत्र्याची घरे अजून उभी आहेत. पण त्यांच्या लगतच बहुमजली इमारती वर येत आहेत, आणि त्या इमारतींत राहावयास आलेल्या माणसाच्या बैठकीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरचा मोबाईलचा टॉवर आता अगदी समान उंचीवर, डोळ्याला डोळा भिडावा तसा, दिसू लागला आहे. ‘हा टॉवर आमच्या मुलाबाळांना बाधेल काय?’ हा प्रश्न आंबिवलीतच नव्हे तर ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या सभांतून वारंवार निघतो, आणि त्याला दोन ठरीव उत्तरे मिळतात. एक पक्ष कर्करोगाचे नाव घेऊन सभेला घाबरवितो. दुसरा पक्ष ‘सर्व काही नियमांत आहे’ असे सांगून सभेला गप्प बसवितो. मोजमाप मात्र दोघांपैकी कोणाच्याही हाती नसते. आणि हा सारा मामला मुळात मोजमापाचा आहे.

रेडिओलहरी या टापूला नव्या नाहीत. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले तेव्हापासून त्या आपल्या आकाशात वावरत आहेत. मोबाईलच्या लहरी त्याच कुळातल्या, फक्त त्यांची कंपनसंख्या अधिक : ७०० मेगाहर्ट्झपासून साडेतीन हजार मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंत. क्ष-किरण किंवा अणुभट्टीतून निघणारे किरण शरीरातील अणूंचे विद्युत्कण उखडून काढू शकतात, कारण त्यांच्या प्रत्येक कणाची ऊर्जा त्यासाठी पुरेशी असते. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीच्या कणाची ऊर्जा त्या कामाला लागणाऱ्या ऊर्जेच्या दशलक्षांशाहूनही कमी आहे. म्हणून ‘रेडिएशन’ या एकाच नावाखाली या दोहोंची गल्लत करणे अनुचित होय. रेडिओलहरींचा जो परिणाम निःसंशय सिद्ध झालेला आहे तो उष्णतेचा : पुरेशा तीव्रतेची लहर शरीरात शोषली गेली म्हणजे ऊती तापतात. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ४ वॅट इतकी शक्ती शोषली जाऊ लागली म्हणजे हा ताप उपद्रवकारक ठरू लागतो असे धरून, आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य नागरिकासाठी त्या आकड्याचा पन्नासावा भाग, म्हणजे ०.०८ वॅट, ही सीमा ठरविली; आणि शरीराच्या आत काही मोजता येत नसल्यामुळे तिचे रूपांतर बाहेरच्या हवेत मोजता येईल अशा परिमाणात, प्रत्येक चौरस मीटरवर किती वॅट पडतात या हिशेबात, करून दिले.

भारत सरकारने हा आंतरराष्ट्रीय दंडक २००८ साली स्वीकारला आणि २०१० पासून प्रत्येक मोबाईल केंद्राबद्दल, म्हणजे टॉवरवरील यंत्रणेबद्दल, ती या दंडकात बसते असा दाखला कंपनीने स्वतः भरून द्यावा अशी तजवीज केली. पुढे त्या दंडकाची फेरतपासणी झाली, त्यामागे मुंबईतील घडामोडींचाही वाटा होता. पवईच्या आयआयटीतील विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक गिरीश कुमार यांनी डिसेंबर २०१० मध्ये दूरसंचार विभागाला अहवाल सादर करून मर्यादा फारच सैल असल्याची तक्रार मांडली होती. मलबार हिलवरील आपल्या घरासमोर, ‘सह्याद्री’ या शासकीय अतिथिगृहावर, बसविलेल्या अँटेनांविषयी अभिनेत्री जुही चावला यांनी आवाज उठविल्यामुळे हा विषय घरोघरी पोहोचला. प्राध्यापकांचे सर्वच निष्कर्ष शास्त्रज्ञांनी मान्य केले असे नाही. तथापि आंतरमंत्रालयीन समितीच्या शिफारशीवरून १ सप्टेंबर २०१२ पासून देशात आंतरराष्ट्रीय मर्यादेचा एक दशांश अमलात आला, ही गोष्ट खरी. त्या हिशेबाने ९०० मेगाहर्ट्झसाठी दर चौरस मीटरला ०.४५ वॅट, १८०० साठी ०.९ वॅट आणि २००० मेगाहर्ट्झच्या वर १ वॅट असे आकडे ठरले. असे आकडे धोरणाबरोबर बदलू शकतात. म्हणून एखादा अहवाल हाती घेणाऱ्याने तो ज्या दिवशीचा आहे त्या दिवशी कोणती मर्यादा लागू होती हे प्रथम पाहावे.

कर्करोगाविषयीची भीती बहुधा ज्या निर्णयाचा हवाला देते, तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये दिला. रेडिओलहरींना तिने ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. परंतु त्याचा आधार होता तो मुख्यतः फोन कानाशी धरून दीर्घकाळ बोलणाऱ्यांविषयीचा मर्यादित पुरावा, आणि टॉवरसारख्या दूरच्या उगमाविषयीचा पुरावा निर्णयास अपुरा असल्याचे तिने त्याच वेळी नमूद केले होते. हा उत्तरार्ध आपल्याकडच्या सभांतून क्वचितच वाचला जातो. २०२४ साली त्याच जागतिक संघटनेच्या सूचनेवरून झालेल्या विस्तृत समालोचनात मोबाईलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. एवढ्याने संशोधन संपले असे मी म्हणणार नाही. पण ज्या आईच्या मनात टॉवरकडे पाहून रोज धास्ती दाटते, तिला हे सांगणे आपले कर्तव्य आहे.

आता मोजमापाच्या गाभ्याकडे वळू, कारण सामान्य समजूत येथेच बहुधा उलटी असते. टॉवर ज्या इमारतीच्या डोक्यावर आहे तिचे रहिवासी सर्वांत धास्तावलेले असतात. वस्तुतः दिव्याखाली अंधार या न्यायाने त्यांच्या वाट्याला लहरींचा अंश फार थोडा येतो. अँटेनाचा उभा चपटा पट्टा आपली शक्ती चोहीकडे उधळीत नाही. ती तो समोरच्या दिशेने, उभ्या प्रतलात जेमतेम पाच ते दहा अंश जाडीच्या झोतात, एकवटतो. ३० मीटर उंचीवरचा असा झोत पाच-सहा अंशांनी खाली झुकविला, तर त्याचा मध्य जमिनीला टेकतो तो सुमारे ३०० मीटरवर. आणि टॉवरच्या पायथ्याशी जे पोहोचते ते मुख्य झोताच्या मानाने अनेकदा शतांशाहूनही क्षीण असते. मध्ये काँक्रीटचा स्लॅब आला म्हणजे ते आणखी मंदावते.

याउलट समोरच्या इमारतीची, त्याच उंचीची खिडकी. समजा, एका अँटेनाला एकूण ८० वॅट शक्ती दिली आहे आणि ती झोताच्या दिशेने तिची पन्नासपट एकाग्रता करते. मग झोताच्या ऐन मध्यावर, जणू ४,००० वॅटचा उगम चहूबाजूंना पसरत आहे असा, हिशेब धरता येतो. आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. १०० मीटरवर दर चौरस मीटरला ०.०३ वॅट, ५० मीटरवर ०.१३ वॅट, परंतु २० मीटरवर हाच आकडा ०.८० वॅटच्या घरात जातो. म्हणजे ९०० मेगाहर्ट्झची एकच सेवा त्या अँटेनावरून पूर्ण भाराने चालली असेल, तर २०१२ च्या भारतीय मर्यादेचे उल्लंघन साधारण २७ मीटरांच्या आत, तेही फक्त झोतात, होऊ शकेल; त्याच्या बाहेर नाही. दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांतही हाच तर्क दिसतो : अँटेनाच्या समोर, तिच्या उंचीची इमारत एका अँटेनासाठी २० मीटर, दोघींसाठी ३५ मीटर, चारांसाठी ४५ मीटर याहून जवळ असू नये.

आंबिवलीसारख्या वाढत्या गावात खरी गुंतागुंत निर्माण होते ती येथे. टॉवर बसविला त्या वेळी भोवती बैठ्या चाळी होत्या. झोत त्यांच्या डोक्यावरून निर्वेध जात होता, आणि दाखला त्या परिस्थितीचा म्हणून यथार्थ होता. पुढे चाळ पाडून त्याच जागी आठ मजली इमारत उभी राहते, तिचा सहावा मजला नेमका झोतात येतो, आणि दफ्तरातला दाखला मात्र जुनाच राहतो. दोष त्या दाखल्यात नाही, टॉवरमध्येही नाही. परिसर बदलला पण मोजणी बदलली नाही, हे त्याचे कारण. माझ्या मते नव्या इमारतीला बांधकामाची मंजुरी देताना जवळच्या गच्चीवर टॉवर आहे किंवा काय याची नोंद घेऊन त्याची फेरतपासणी करवून घेणे, ही रीत कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत पडली पाहिजे.

मोजणी कशी करतात, हेही नागरिकाला ठाऊक असावे. तपासनीस दोन प्रकारची साधने वापरतात. पहिल्या साधनाला काठीच्या टोकावर एक गोलक असतो; तो सर्व दिशांनी येणाऱ्या, सर्व कंपनसंख्यांच्या लहरींची एकत्रित तीव्रता सांगतो. तिथे आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली असेल तर काम तेवढ्यावर भागते. तो वर गेला तर दुसरे साधन काढावे लागते, जे प्रत्येक कंपनसंख्या निरनिराळी करून दाखविते. कारण मर्यादा प्रत्येकीची वेगळी आहे. मोजणी क्षणाची नसते. सहा मिनिटांची सरासरी धरतात. एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्या असतील तर नुसत्या वॅटांची बेरीज निरर्थक ठरते. प्रत्येक लहर आपापल्या मर्यादेचा कितवा हिस्सा आहे ते काढून त्या हिश्शांची बेरीज करावयाची, आणि ती एकाहून कमी भरली पाहिजे. उदाहरणार्थ, ९०० वर ०.०४५ वॅट, १८०० वर ०.०९ आणि २३०० वर ०.१ असे आढळले, तर प्रत्येकीने आपल्या मर्यादेचा दहावा भाग वापरला. मिळून तीन दशांश. ‘टॉवर मर्यादेत आहे’ एवढ्या एका वाक्याऐवजी हा अपूर्णांक, तो कोणत्या मजल्यावर, अँटेनाच्या कोणत्या बाजूला आणि दिवसाच्या कोणत्या वेळी मिळाला या तपशिलासह, अर्जदाराने मागून घ्यावा.

मोबाईलवर फुकट मिळणाऱ्या ‘रेडिएशन मीटर’ नावाच्या अॅप्सवर मात्र विसंबू नये. त्यांतली बरीचशी फोनमधल्या होकायंत्राच्या संवेदकावरून चुंबकीय क्षेत्र वाचतात, आणि त्या संवेदकाला टॉवरच्या लहरींची जाणीवच होत नाही. लोखंडी कपाटाजवळ नेले की त्यांचा आकडा उसळतो आणि घरात उगाच घबराट माजते.

अधिकृत मोजणीचा मार्ग उघडा आहे. २ मे २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या परिसरात कोणाचे केंद्र कोठे आहे आणि त्याने दाखला भरला आहे की नाही हे तेथे पाहता येते, आणि ४,००० रुपये शुल्क भरून आपल्या जागी मोजणी करवून घेण्याचा अर्जही करता येतो. दूरसंचाराच्या दफ्तरी कल्याण टेलिफोन केंद्राचा टापू मुंबईच्या परवाना क्षेत्रात मोडतो, तेव्हा मोजणी करणारे पथकही त्याच क्षेत्राचे असते. मर्यादेचे उल्लंघन आढळले तर कंपनीला प्रत्येक केंद्रामागे १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. एकट्या कुटुंबाला चार हजार जड वाटतील. पण गच्चीच्या भाड्यातून वर्षानुवर्षे उत्पन्न घेणाऱ्या सोसायटीने समोरच्या इमारतीतील शेजाऱ्यांसाठी एवढा खर्च उचलणे हा साधा शेजारधर्म आहे. टॉवरला महापालिकेची परवानगी आहे काय, गच्चीचा स्लॅब त्याचे ओझे पेलेल काय, हे प्रश्न महत्त्वाचे असले तरी अगदी वेगळे होत. त्यांची दाद महापालिकेकडे मागावी, लहरींची दूरसंचार विभागाकडे. दोन्ही कैफियती एकाच अर्जात कोंबल्या म्हणजे तो अर्ज या मेजावरून त्या मेजावर फिरत राहतो.

टॉवर हटविला म्हणजे घरातील लहरी कमी झाल्या असेही नाही. हातातला फोन केंद्रापर्यंत पोहोचण्यास लागेल तेवढी शक्ती स्वतः वाढवितो; केंद्र दूर गेले की कानाशी धरलेला फोन अधिक जोराने बोलू लागतो, आणि शरीराला चिकटलेल्या त्या उगमाचा अंश दूरच्या टॉवरहून बहुतेक वेळा कितीतरी अधिक असतो. म्हणून ज्या वस्तीत ‘रेंज’ कमी येते तेथे टॉवरला हुसकावून लावण्यापूर्वी हा हिशेब करणे अगत्याचे आहे. फोनसाठी भारताने २०१२ पासून दर किलोग्रॅमला १.६ वॅट अशी मर्यादा घातली आहे.

ऑक्टोबर २०२२ पासून आलेल्या पाचव्या पिढीच्या सेवेने मात्र तपासनिसांचे काम अवघड केले आहे. जुनी अँटेना आपला झोत सदैव एकाच दिशेला रोखून धरी. नवी अँटेना ज्या घरात कोणी फोन वापरीत असेल तिकडे तो वळविते आणि काम संपताच दुसरीकडे नेते. दुपारी निजलेल्या वस्तीत मोजणी केली तर आकडा नगण्य येईल, आणि सायंकाळी सारी इमारत क्रिकेटचा सामना पाहत असताना तोच अनेकपट होईल. त्यामुळे अँटेना अखंड पाठवीत असते तो ओळखखुणेचा संकेत मोजून, पूर्ण भाराच्या वेळी काय होईल याचा अंदाज गणिताने काढावा लागतो. आपल्या अहवालात हा पूर्ण भाराचा आकडा दिला आहे की केवळ त्या दुपारचा, हे समोरच्या सहाव्या मजल्यावरच्या रहिवाशाने तपासनिसाला अवश्य विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.