मणके जोडायला हाड आणायचं कुठून? कृत्रिम हाडाची गोष्ट

मणक्याच्या ऑपरेशननंतरचा एक्स-रे पाहिलाय? त्यात ठळक दिसतात ते स्क्रू आणि सळ्या. पण दोन मणके कायमचे जोडण्याचं काम त्यांचं नसतं. मधे नवं हाड तयार होईपर्यंत ते मणके फक्त धरून ठेवतात. हाड तयार झालंच नाही, तर रोजच्या ताणाने स्क्रू सैल होऊ शकतात, सळई तुटू शकते आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

म्हणून सर्जनपुढे प्रश्न असतो: मधली जागा कशाने भरायची?

स्वतःचंच हाड का वापरतात?

१९११ साली न्यूयॉर्कमधल्या रसेल हिब्स आणि फ्रेड अल्बी या डॉक्टरांनी मणके जोडण्याच्या आपापल्या पद्धती प्रसिद्ध केल्या. तेव्हा मुख्य कारण होतं मणक्यांचा क्षयरोग. अल्बी रुग्णाच्याच नडगीच्या हाडाचा तुकडा बसवत.

आजही रुग्णाचं स्वतःचं हाडच सर्वात भरवशाचं मानतात. ते बहुतेकदा कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेतून काढतात. त्यात तिन्ही गोष्टी असतात: हाड बनवणाऱ्या पेशी, त्यांना कामाला लावणारी प्रथिनं आणि पेशींना आधार देणारा सांगाडा. पण हाड काढलेली जागा अनेकांना महिनोन्महिने दुखते आणि तिथून हवं तेवढं हाड मिळतही नाही.

कृत्रिम हाड म्हणजे नेमकं काय?

इमारत बांधताना बाहेरून परांची बांधतात, तसंच हे. आपल्या हाडाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या खनिजाचा असतो. त्याच जातीचं सिरॅमिक तयार करून त्याचे दाणे, ठोकळे किंवा लुकणासारखा लगदा करतात. ही कल्पनाही जुनी आहे. कॅल्शियम फॉस्फेट वापरून हाड भरून येतं का, याचे प्रयोग अल्बी यांनीच १९२० साली प्रसिद्ध केले होते.

यात सगळं महत्त्व छिद्रांना. ती एकमेकांना जोडलेली हवीत आणि साधारण १०० ते ३०० मायक्रॉन किंवा त्याहून थोडी मोठी हवीत, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही पट. त्यातूनच रक्तवाहिन्या आत शिरतात. रक्त पोहोचलं नाही, तर हाड वाढत नाही.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण वेळेची. भिंत उभी राहण्याआधी परांची काढली तर काम कोसळतं. कॅल्शियम सल्फेट काही आठवड्यांत विरघळतं, म्हणजे मणक्यासाठी फार लवकर. हायड्रॉक्सीअपटाइट वर्षानुवर्षं तसंच राहतं. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोन्हींच्या मधे येतं. म्हणून हायड्रॉक्सीअपटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट यांचं मिश्रण बऱ्याचदा वापरतात.

दुसरी अडचण ताकदीची. सिरॅमिक ठिसूळ असतं. त्यामुळे शरीराचा भार टायटॅनियमच्या किंवा खास प्लास्टिकच्या पिंजऱ्यावर टाकतात आणि सिरॅमिक त्याच्या आत भरतात.

तिसरी अडचण फसवी आहे. हे दाणे एक्स-रेमध्ये हाडासारखेच पांढरे दिसतात. म्हणून मणके खरोखर जुळले का, हे पाहायला अनेकदा सीटी स्कॅन लागतो.

आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे नुसत्या सिरॅमिकमध्ये जिवंत पेशी नसतात. परांची आहे, पण गवंडी नाहीत.

गवंड्यांना बोलावायचं कसं?

हाड वाढवणारं बीएमपी-२ हे प्रथिन कोलॅजनच्या स्पंजमध्ये भिजवून वापरायला अमेरिकेच्या एफडीएने २००२ साली कंबरेच्या एका विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी मंजुरी दिली. हाड जोमाने वाढलं. पण मंजुरी नसताना ते मानेतही वापरलं जाऊ लागलं. काही रुग्णांचा घसा सुजला, श्वास घेणं कठीण झालं आणि २००८ साली एफडीएला इशारा द्यावा लागला.

यातून धडा मिळाला की हाड वाढवणं पुरेसं नाही; ते हव्या त्याच जागी आणि हव्या तेवढंच वाढायला हवं. म्हणून आता असं प्रथिन हळूहळू सोडणाऱ्या परांच्या आणि पेशींना चिकटायला सोयीचे सूक्ष्म खडबडीत पृष्ठभाग यांवर संशोधन सुरू आहे.

रुग्णाने काय विचारावं?

ऑपरेशन ठरलं असेल, तर मणक्यांच्या मधे काय भरणार आणि तेच का, हे सर्जनना जरूर विचारा. ऑपरेशनमध्ये निघालेलं तुमचंच हाड कृत्रिम दाण्यांत मिसळता येईल का, हेही विचारा. सिगारेट ओढत असाल तर आधीच सोडा, कारण तिच्यामुळे मणके न जुळण्याचा धोका वाढतो. साहित्य कितीही चांगलं असलं, तरी शेवटी हाड तुमचं शरीरच बनवणार असतं आणि त्याला काही महिने द्यावेच लागतात.