डोंगर बाहेरचा, डोंगर आतला

वसतिगृहात नव्याने आलेल्या मुलास निसर्गचित्र काढावयास सांगितले, की तो बहुधा दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक नदी आणि तिच्या काठी एक घर काढतो. ते घर वर्गाच्या खिडकीतून दिसत नसते; ते त्याच्या मनात असते. निसर्गचित्रातून मनाचा प्रदेश उभा करण्याची ही वाट कोरियाच्या चित्रकलेत जवळजवळ सहा शतके चालत आली आहे. तिचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

कोरियन भाषेत अशा चित्रास ‘सान्सू’ म्हणतात; म्हणजे ‘डोंगर आणि पाणी’. १४४७ मध्ये राजपुत्र आन्प्यॉंग याने स्वप्नात पाहिलेले फुललेल्या पीचवृक्षांचे खोरे चित्रकार आन ग्यॉन याने तीन दिवसांत रेशमी पटावर उतरविले. डावीकडे नित्याचे जग, मध्ये बिकट कडे आणि उजवीकडे ते खोरे. सहाच वर्षांनी राजघराण्यातील सत्तासंघर्षात राजपुत्राचा अंत झाला. त्याचे स्वप्न मात्र टिकून राहिले.

पुढे जॉन्ग सॉन (१६७६–१७५९) याने स्वदेशातील प्रत्यक्ष पाहिलेले डोंगर रंगविले. तरीही १७३४ च्या चित्रात त्याने गुमगांग पर्वताची असंख्य शिखरे एका वर्तुळात गोळा केली. कोणत्याही एका जागी उभे राहून ती तशी दिसत नाहीत. पाहिलेले सारे मनात एकवटल्यावरच ते चित्र घडते.

तो गुमगांग आज उत्तर कोरियात आहे. १९५३ च्या युद्धविरामापासून सुमारे २५० किलोमीटर लांबीच्या सीमापट्ट्याने देश दुभंगला आहे. दक्षिण कोरियाचे समकालीन चित्रकार ली से-ह्यॉन (जन्म १९६७) यांनी लष्करी सेवेत याच सीमेजवळ पहारा केला. अंधारात पाहण्याच्या उपकरणातून त्यांना समोरचा प्रदेश लाल दिसे. सुंदर आणि तितकाच भयावह. पुढे त्यांनी परंपरेतील डोंगर-पाणी केवळ लाल रंगात रंगविण्यास प्रारंभ केला. त्या मालिकेचे नाव ‘बिट्वीन रेड’. जुन्या चित्रांप्रमाणे तेथेही कोरी जागा धुके आणि पाणी होते, आणि अनेक ठिकाणांहून पाहिलेली दृश्ये एकत्र येतात. परंतु शांत वाटणाऱ्या त्या प्रदेशात पाऊल ठेवता येत नाही, ही वेदना तो लाल रंग सांगतो. ज्या देशात लाल हा दीर्घकाळ शत्रूचा रंग मानला गेला, तेथे मायभूमीच त्या रंगात पाहणे सोपे नव्हते.

आन ग्यॉनने स्वप्न रंगविले, ली यांनी भय आणि ओढ. डोंगर तेच, त्यांतून बोलणारे मन निराळे.

म्हणून पालकांस आमची एक विनंती आहे. सुटीत घरी आलेल्या मुलाने लाल डोंगर काढला, तर ‘डोंगर कधी असा असतो का?’ असे म्हणून तो पुसावयास लावू नये. शेजारी बसावे आणि त्या डोंगरात काय आहे, हे त्यालाच विचारावे.