भयकॉमिक्सचा संग्रह : ऐकीव गोष्टी आणि छापील पुरावा

भयकथांच्या वाचकांना जर्मनीतल्या बव्हेरियातलं इंगोलश्टाट ठाऊक आहे ते मेरी शेली यांच्यामुळे. १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीचा नायक इथल्या विद्यापीठात शिकतो आणि इथेच मृतांच्या अवयवांतून एक जीव घडवतो. १९४० मध्ये डिक ब्रीफर यांनी ही कल्पना अमेरिकी ‘प्राइझ कॉमिक्स’मध्ये आणली आणि कॉमिक्समध्ये भयकथेला कायमची जागा मिळू लागली. धारप-मतकरींच्या गूढ-भयकथांवर पोसलेला मराठी वाचक नोकरीनिमित्त बव्हेरियात आला, की फ्लोमार्क्टातल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, भुताखेतांच्या अंकांपाशी त्याचे पाय रेंगाळणारच. मात्र असे अंक जमवण्याच्या छंदात ऐकीव माहिती फार फिरते.

गैरसमज : फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव; एका डॉक्टरने त्याला किल्ल्यात घडवलं.

वस्तुस्थिती : फ्रँकेन्स्टाइन हे निर्मात्याचं, म्हणजे व्हिक्टरचं, आडनाव. त्याने घडवलेल्या जिवाला कादंबरीत नावच नाही. व्हिक्टर डॉक्टर नसून विद्यार्थी आहे आणि त्याची प्रयोगशाळा म्हणजे घराच्या माथ्यावरची एकाकी खोली. मनोरा आणि विजांचा कडकडाट लोकांच्या मनात ठसला तो १९३१ च्या चित्रपटामुळे. इंगोलश्टाटचं विद्यापीठ मात्र खरं होतं. १४७२ मध्ये स्थापन झालेलं हे विद्यापीठ १८०० मध्ये लांट्सहूटला हलवलं गेलं, म्हणजे कादंबरी छापली गेली तेव्हा ते इथे नव्हतंच. अठराव्या शतकातली त्याची शरीरशास्त्राची इमारत अजून उभी आहे आणि तिथे जर्मन वैद्यकीय इतिहासाचं संग्रहालय आहे.

गैरसमज : अमेरिकी सरकारने भयकॉमिक्सवर बंदी घातली.

वस्तुस्थिती : १९५० पासून विल्यम गेन्स यांच्या ईसी कॉमिक्सने ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’ ही तीन कथासंग्रह-मासिकं गाजवली. बव्हेरियात जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वेर्थम यांनी १९५४ मध्ये पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचं खापर कॉमिक्सवर फोडलं. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. तरीही केंद्रीय कायद्याने बंदी आली नाही. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली, मासिकाच्या नावात ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द वापरायला मनाई केली आणि संहितेचा शिक्का नसलेले अंक वितरकांनी घेणं थांबवलं. गेन्स यांची भयमासिकं यातच संपली. पुढे कॅरल टिली यांनी वेर्थम यांची कागदपत्रं तपासली, तेव्हा मुलांच्या जबान्यांमध्ये त्यांनी फेरफार केल्याचं दिसलं. हे संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. एका अख्ख्या कलाप्रकाराला दोषी ठरवणारा पुरावा असा डळमळीत होता, हे प्रत्येक संग्राहकाने ध्यानात ठेवावं.

गैरसमज : जर्मनीत ‘इंडेक्स’वर असलेला अंक घरात ठेवणं गुन्हा आहे.

वस्तुस्थिती : मुलांना घातक ठरवलेल्या प्रकाशनांची यादी करणारं सरकारी कार्यालय पश्चिम जर्मनीत १९५४ मध्ये सुरू झालं. यादीतला अंक मुलांना विकता येत नाही, त्यांच्या नजरेस पडेल असा मांडताही येत नाही. प्रौढाने तो स्वतःजवळ ठेवायला मात्र या यादीमुळे आडकाठी नाही. शिवाय आजच्या कायद्यानुसार २५ वर्षांनी नोंद यादीतून निघते; ती पुढे ठेवायची तर नव्याने निर्णय घ्यावा लागतो.

गैरसमज : पहिला क्रमांक नसेल तर संग्रह अपुरा.

वस्तुस्थिती : ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ हे नाव आलं तेच विसाव्या अंकावर! आधीच्या गुन्हेकथांच्या मासिकाचं नाव बदलून, क्रमांक तसेच पुढे चालवून हे मासिक निघालं होतं. नव्या मासिकासाठी टपालाच्या सवलतीचा नवा परवाना काढण्याचा खर्च त्यामुळे वाचत असे. ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’सुद्धा बाराव्या अंकापासून सुरू होतं. त्यामुळे या नावांचा त्या काळातला ‘अंक १’ कुणी देऊ केला, तर आधी आतला बारीक अक्षरांतला प्रकाशन-मजकूर वाचा. नंतर निघालेली पुनर्मुद्रणंही तिथेच ओळखू येतात.

गैरसमज : जितकं जुनं, तितकं महाग.

वस्तुस्थिती : किंमत ठरते ती मागणी, दुर्मीळता आणि अंकाची अवस्था यांवर. बास्टाय प्रकाशनाचं ‘गेश्पेन्स्टर गेशिश्टन’ हे जर्मन मासिक १९७४ ते २००६ या काळात निघालं आणि त्याचे सोळाशेहून अधिक अंक झाले. सुरुवातीच्या अंकांतल्या कथा बऱ्याचशा अमेरिकेच्या गोल्ड की प्रकाशनाकडून घेतलेल्या होत्या. इतक्या मुबलक मासिकाचा फाटका अंक केवळ वय झालं म्हणून मौल्यवान ठरत नाही. वाचनाचा आनंद मात्र तोही पुरेपूर देतो, आणि नवख्या संग्राहकाने इथूनच सुरुवात करावी.

गैरसमज : लॅमिनेशन केलं की अंक टिकतो.

वस्तुस्थिती : लॅमिनेशनने अंक कायमचा बिघडतो, कारण ते नंतर काढता येत नाही. या अंकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो. चिकटपट्टीचा गोंद डाग पाडतो. पीव्हीसीची पिशवीही घातकच. पॉलिएस्टरचं पाकीट, मागे आम्लरहित पुठ्ठा आणि कोरडी, अंधारी, थंड जागा एवढं पुरे. जर्मन घरांचं तळघर सोयीचं वाटलं, तरी तिथे ओल नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर टाचण्या गंजतील.

या सगळ्या गैरसमजांवर उपाय एकच : अंक हातात घ्या, उघडा, वाचा. वेर्थम यांच्या काळात या मासिकांना भीतीने झोडपलं गेलं आणि आज काही जण त्यांना पाकिटातून बाहेरही न काढता भावाने तोलतात. दोन्हीकडे कथा, चित्रकार आणि तो काळ न वाचलेलाच राहतो. संग्राहकाचं पहिलं काम वाचणं हेच आहे.