बाजार आणि पाठशाळा : पूर्व लॉस एंजेलिसमधील एक कलाप्रयोग

‘बाजार’ हा शब्द मराठीत कलेच्या शेजारी आला की त्याला बहुधा निंदेची छटा प्राप्त होते. ‘कलेचा बाजार मांडला’ असे आपण म्हणतो तेव्हा कलावंताने आपले शील विकले, असाच भाव त्यातून सूचित होतो. परंतु कलेचे आणि बाजाराचे नाते सर्वत्र असेच असते, असे मानण्याचे कारण नाही. ज्या समाजाला संग्रहालयांत जवळजवळ स्थान नव्हते आणि ज्याच्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलण्याचीही चोरी होती, त्या समाजाने चित्रांचा बाजार भरवावा आणि त्याच्या उत्पन्नाचा हातभार कलाशिक्षणाला लावावा, येथे विक्रीचा अर्थच पालटतो. अमेरिकेतील लॅटिनो वस्त्यांत असे बाजार ठिकठिकाणी भरतात. त्यांचे मर्म ध्यानात येण्यासाठी लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातील ‘सेल्फ हेल्प ग्राफिक्स अँड आर्ट’ या संस्थेचा इतिहास पाहणे उद्बोधक ठरेल.

‘लॅटिनो’ ही संज्ञा अमेरिकेत राहणाऱ्या, परंतु मूळ लॅटिन अमेरिकेत असलेल्या लोकांसाठी वापरली जाते. त्यांतील मेक्सिकन वंशाच्या अनेकांनी १९६०नंतरच्या दशकात ‘चिकानो’ हे नाव अभिमानाने धारण केले. हे सर्वच लोक बाहेरून आलेले नव्हेत. कॅलिफोर्निया हा प्रांतच १८४८ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. तरीही या लोकांच्या मुलांना शाळेत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे आणि पाठ्यपुस्तकांत त्यांच्या पूर्वजांना फारसे स्थान नसे. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. आपला इतिहास आणि आपली संस्कृती अभ्यासक्रमात असावी, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक प्रमुख मागणी होती. पुढील कलाप्रयोगाचे बीज याच मागणीत आहे.

१९७० मध्ये फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मभगिनी कॅरन बोकालेरो आणि कार्लोस बुएनो, अंतोनिओ इबान्येस आदी कलावंतांनी एका गॅरेजमध्ये छपाईचे काम सुरू केले. बोकालेरो या सिस्टर कोरिटा केंट यांच्या विद्यार्थिनी. सामाजिक आशयाची रंगीत मुद्राचित्रे काढणाऱ्या कोरिटांकडून त्यांनी स्क्रीन-छपाईचे तंत्र आणि त्यामागील दृष्टी या दोन्ही गोष्टी घेतल्या होत्या. या मंडळींचे पहिले प्रदर्शन १९७१ मध्ये बॉइल हाइट्स या वस्तीतील ‘एल मेर्कादो’ नावाच्या व्यापारी संकुलात भरले. ‘मेर्कादो’ या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी बाजार. ज्या ठिकाणी शेजारची माणसे रोजच्या खरेदीसाठी येत, त्याच ठिकाणी चित्रे मांडली गेली. कलादालनात शिरण्याचा संकोच वाटणाऱ्या माणसालाही तेथे अडखळण्याचे कारण नव्हते.

या चळवळीने मुद्राचित्राचे माध्यम निवडले, त्यालाही कारण आहे. चौकटीवर ताणलेल्या जाळीदार कापडाचा काही भाग बुजवायचा आणि उरलेल्या छिद्रांतून रबरी पट्टीने रंग खाली कागदावर दाबायचा, ही स्क्रीन-छपाईची रीत. प्रत्येक रंगासाठी निराळी जाळी लागते. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि कापडी फलक याच रीतीने छापले जात आले आहेत. तैलचित्र एकच असते आणि ते एकाच घरात जाते. मुद्राचित्राच्या अनेक प्रती निघतात, त्या सर्व अस्सल असतात आणि त्यामुळे प्रत्येकीची किंमत आवाक्यात राहते. मेक्सिकोत ही परंपरा जुनी आहे. होसे ग्वादालुपे पोसादा (१८५२–१९१३) यांची सांगाड्यांची उपहासचित्रे स्वस्त कागदांवर छापून रस्त्यात विकली जात असत. तेव्हा चिकानो कलावंतांनी बाजाराचा आश्रय घेतला तो परंपरा सोडून नव्हे, तर परंपरेला धरूनच.

शिक्षणाचे कार्यही याच सुमारास आकाराला आले. १९७५ मध्ये संस्थेने ‘बारिओ मोबाइल आर्ट स्टुडिओ’ हा उपक्रम आरंभला. ‘बारिओ’ म्हणजे मोहल्ला. एका मोटारगाडीत साहित्य भरून कलावंत शाळांच्या आवारात आणि वस्त्यांत जात आणि तेथे छपाई, छायाचित्रण, बाटिक, कठपुतळ्या इत्यादी कला शिकवीत. मृतांच्या स्मरणाचा ‘दिया दे लोस मुएर्तोस’ हा मेक्सिकन सणही संस्थेने सार्वजनिक रीतीने साजरा करण्यास सुरुवात केली. त्याची वेदी कशी मांडावी, कागदी कापकाम कसे करावे, हे मुले या निमित्ताने शिकू लागली. घरात लाजेने झाकलेली गोष्ट वर्गात अभ्यासाचा विषय झाली, हे या उपक्रमाचे खरे फलित होय.

परंतु असे कार्य केवळ उत्साहावर चालत नाही. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातील मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मान्य करून मालमत्ता कर मूल्याच्या एक टक्क्यावर रोखला. शाळांचे स्थानिक उत्पन्न घटले आणि काटकसरीची कुऱ्हाड प्रथम चित्रकला-संगीतावर पडली. त्यानंतर लवकरच, रेगन यांच्या कारकिर्दीत, संघशासनाच्या सामाजिक अनुदानांनाही कात्री लागली. या परिस्थितीत १९८०नंतरच्या आरंभीच्या वर्षांत संस्थेने मुद्राचित्रांची ‘आतेलिए’ म्हणजे कर्मशाळा-योजना सुरू केली. निमंत्रित कलावंताने अनुभवी मुद्रकाच्या साहाय्याने चित्र छापावे, प्रतींचा एक हिस्सा स्वतः घ्यावा आणि उरलेला संस्थेला विक्रीसाठी द्यावा, अशी ही व्यवस्था. कलावंताला खर्चाची चिंता न करता काम करता आले, संस्थेला उत्पन्न मिळाले आणि त्याचबरोबर एका समाजाच्या दृश्य-इतिहासाचा संग्रह उभा राहिला.

या प्रती संस्थेच्या मुद्राचित्र-मेळ्यांत विकल्या जातात. तेथे विकत घेणारा आणि चित्र काढणारा समोरासमोर येतात, छपाईची प्रात्यक्षिके होतात आणि पाहता पाहता ग्राहकही विद्यार्थी होतो. बार्बरा कारास्को यांनी १९९९ मध्ये येथे छापलेले ‘डोलोरेस’ हे चित्र उदाहरणादाखल घेता येईल. शेतमजुरांच्या नेत्या डोलोरेस उएर्ता यांचे ते चित्र आहे. सेसार चावेस यांच्या बरोबरीने १९६२ मध्ये मजूर-संघटना उभारणाऱ्या या स्त्रीचे नाव तिच्या सहकाऱ्याच्या मानाने कमी घेतले जाई. असे चित्र शेतमजुराच्या नातवाच्या घरी भिंतीवर लागते, तेव्हा त्या घरात शाळेने न शिकवलेला एक धडा पोहोचतो. म्हणूनच येथे विक्री आणि अध्यापन या दोन स्वतंत्र क्रिया राहत नाहीत.

तथापि या प्रयोगाच्या मर्यादाही नजरेआड करता येत नाहीत. बाजाराचे उत्पन्न अनिश्चित असते. संस्था जेथे तीस वर्षांच्या आसपास नांदली, ती वास्तू तिच्या मालकीची नव्हती. २००८ मध्ये ती विकली गेली आणि २०११ मध्ये संस्थेला बॉइल हाइट्समधील दुसऱ्या जागेत बिऱ्हाड हलवावे लागले. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. कलेमुळे वस्तीचे नाव झाले की बाहेरचे धनिक तिकडे वळतात, भाडी चढतात आणि ज्यांच्यासाठी कला होती तेच उठून जातात. २०१६ च्या सुमारास याच भागात बाहेरून आलेल्या कलादालनांविरुद्ध रहिवाशांनी निदर्शने केली, ती या भयापोटीच. चित्राची किंमत शेजाऱ्याला परवडेल अशी ठेवावी की संस्था जगेल अशी, हा पेच प्रत्येक मेळ्यात नव्याने उभा राहतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन २८’ मान्य केले. त्यानुसार सार्वजनिक शाळांतील कला व संगीत शिक्षणासाठी दरवर्षी सुमारे एक अब्ज डॉलरची तरतूद झाली आणि गरीब विद्यार्थी अधिक असलेल्या शाळांना त्यात अधिक वाटा मिळाला. हे शहाणपण येण्यास चव्वेचाळीस वर्षे लागली. एवढ्या काळात मुलांच्या कितीतरी पिढ्या शाळेतून बाहेर पडल्या. त्यांच्यापैकी ज्यांच्या हाती रंग आला, त्यांतील अनेकांना तो वस्तीतल्या अशा संस्थांनीच दिला. अर्थात बाजाराने शाळेची जबाबदारी कायमची उचलावी, असा याचा अर्थ नव्हे. मुलांना शिकवणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि ते कोणत्याही मेळ्याच्या गल्ल्यातून पुरे होणार नाही. परंतु शासनाच्या पैशातून वर्ग उभा राहिला, तरी त्या वर्गात कोणाची चित्रे शिकवायची, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर पूर्व लॉस एंजेलिसच्या माणसांनी बाजारात उभे राहून, आपली चित्रे आपल्याच शेजाऱ्यांच्या हाती देऊन, आधीच देऊन ठेवले आहे.