मुलींसाठी ट्रायथलॉन: ही वाट कशी असते?

आपल्या भागात विहिरीत डबा बांधून पोहायला शिकलेल्या बायका घरोघरी सापडतील. सायकल आणि धावणेही मुलींना नवे नाही. या तिन्ही गोष्टी न थांबता एकामागून एक करण्याच्या शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. एखाद्या मुलीने यातच कारकीर्द करायची म्हटले तर काय लागते, हे सभासद पालकांसाठी आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीत आला. अंतर १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणे. याच्या निम्म्या अंतराच्या शर्यतीला स्प्रिंट म्हणतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत अशीच शर्यत झाली. तीत पुण्याची संजना जोशी २८ वी, तर अहमदाबादची प्रज्ञा मोहन २६ वी आली. प्रज्ञा चार्टर्ड अकाउंटंट आहे, म्हणजे खेळासाठी शिक्षण सोडावेच लागते असे नाही. २०२५ मध्ये उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राच्या डॉली पाटीलने सुवर्णपदक मिळवले.

खरी मेख पोहण्यात आहे. सायकलवर घोळक्यात राहिले की पुढच्यांच्या आडोशाने वारा कमी लागतो आणि ताकद वाचते. पाण्यातून उशिरा बाहेर पडलेलीला तो घोळका गाठता येत नाही. ती एकटी वाऱ्याशी झुंजते आणि धावायला उतरते तेव्हा पाय थकलेले असतात. म्हणून पोहण्याचा सराव लहानपणीच सुरू व्हावा लागतो.

यश मात्र उशिरा येते. बर्म्युडा हा लोकसंख्येने साधारण निपाणी शहराएवढा देश. तिथली फ्लोरा डफी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये शर्यत पूर्ण करू शकली नाही. तिने खेळ सोडला, शिक्षण घेतले आणि पुन्हा परतली. लंडनमध्ये ती ४५ वी, रिओत आठवी आली आणि टोकियोत, वयाच्या ३३ व्या वर्षी, तिने देशाचे पहिले सुवर्णपदक जिंकले. आपल्याकडे दहावी आली की मुलीचा सराव बंद होतो. डफीचे सुवर्ण त्यानंतर कितीतरी वर्षांनी आले, हे ध्यानात घ्यावे.

खर्चाचेही स्पष्ट सांगायला हवे. जागतिक मालिकेत स्त्री-पुरुषांना बक्षिसे सारखी असतात, पण ती पहिल्या काहीजणींनाच मिळतात. चांगली सायकल, प्रशिक्षक, परदेश प्रवास हा भार बराच काळ घरावर किंवा प्रायोजकावर राहतो.

सीमाभागात आणखी एक प्रश्न येतो. सरावाला कोल्हापूर जवळ, पण राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडू राज्याच्या संघातून उतरतात. तेव्हा नोंदणी कोणत्या राज्याच्या संघटनेकडे करायची, याची नियमांसह चौकशी पालकांनी सुरुवातीलाच करावी.

मुलीला पोहण्याची गोडी असेल तर सुट्टी संपल्यावरही तिचा सराव चालू ठेवा. पुढे ती ट्रायथलॉन निवडो वा न निवडो, निदान ती वाट तिच्यासाठी मोकळी राहील.